हायड्रॉलिक अ‍ॅक्सल ट्रेलर: आठ महिने वापरल्यावर

चाकांच्या आठ ओळी, 64 टायर, आणि तेलाच्या दाबावर वर-खाली होणारा बेड, म्हणजे माल ठेवायचा सपाट भाग. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतली प्रेशर व्हेसल (दाबाखालच्या वायू-द्रवाच्या मोठ्या टाक्या) आणि मोठे प्रेस आम्ही आता यावरच काढतो. पूर्वी हीच कामं साध्या लो-बेडवर (चाकं न वळणाऱ्या बुटक्या ट्रेलरवर) केली, त्यामुळे फरक रोज जाणवतो.

सगळ्यात मोठा फरक वळणावर. लो-बेडचं मागचं टोक वळताना आत कापायचं, मग चौकातला दुभाजक काढायची परवानगी मागत फिरा. इथे प्रत्येक ओळ वळते. ऑपरेटर मागे चालत रिमोटवर चाकं फिरवतो आणि गाडी पुलरच्या, म्हणजे ओढणाऱ्या ट्रकच्या, मागोमाग येते.

दुसरा फायदा उंचीचा. डिसेंबरमध्ये 4.1 मीटर व्यासाचं व्हेसल होतं. सॅडल (व्हेसलखालचा आधार) आणि ट्रेलर धरून जमिनीपासून 5.4 मीटर. वाटेतल्या एका पुलावर 5.5 ची पाटी, पण आदल्या रात्री काठीनं मोजलं तर 5.36 भरले. डांबराचे थर चढत गेले, पाटी तीच राहिली. पुलाच्या अलीकडे थांबून बेड 25 सेंटीमीटर खाली घेतला. ऑपरेटरचा हात व्हॉल्व्हवर, नजर बेडवरच्या पाणसळीवर. माल एका बाजूला झुकला तर पुढचं कुणाच्याच हातात नसतं. पाटीवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक खेपेला स्वतः मोजा.

मालावर बसलेला पोरगा बांबूनं इंटरनेटच्या केबल उचलतो. विजेच्या तारेला मात्र बांबू लावायचा नाही. महावितरणची माणसं लाइन बंद करेपर्यंत गाडी उभी, मग पहाट झाली तरी चालेल. आणि अ‍ॅम्ब्युलन्स आली तर तिला वाट मिळेल अशी जागा आधीच हेरून ठेवा. रस्ता आपल्या एकट्याचा नाही.

आता त्रास. पाचव्या महिन्यात भर चौकात एक होज (तेलाची नळी) फुटला, तेल रस्त्यावर. त्या अ‍ॅक्सलचा व्हॉल्व्ह बंद केला, भार बाकीच्यांनी घेतला आणि हळूहळू गाडी बाहेर काढली. तेलावर दुचाकी घसरू नयेत म्हणून दोघांना वाळू टाकायला मागेच ठेवलं. सीलकिट (तेल गळू नये म्हणून बसवायच्या सीलचा संच) यायला मात्र 17 दिवस लागले, तोवर दोन कामं हातची गेली. होज आणि सील खरेदीच्या वेळीच जादा घेऊन ठेवा, ती चूक मी केली.

पुढच्या वर्षी चार ओळी वाढवायच्या आहेत. याच बेडला जोडता येतात, नवा पुलर लागणार नाही.