प्रदर्शनासाठी गुलाब की वांगी?

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरते तशा प्रदर्शनात घरचा गुलाब मांडावा की घरची वांगी, असे शेजारच्या काकूंनी विचारले. गुलाबात सारी कसोटी वेळ साधण्याची आहे. छाटणीनंतर फूल यायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात, म्हणून छाटणी डिसेंबरच्या आरंभीच उरकावी लागते, आणि एवढे करूनही सकाळी अर्धे उमललेले फूल दुपारच्या उन्हात पाकळ्या सैल सोडते, याची मला दरवर्षी हळहळ वाटते. वांग्यांना खर्च कमी, शिवाय ती दिवसभर टिकतात; मात्र हिरव्या, काटेरी देठासकट एकसारखी फळे जुळवणे अवघड. पहाटे फूल कापून लगेच पाण्यात ठेवण्याची सवड असणाऱ्यांनी गुलाब निवडावा. नोकरी सांभाळून चार-पाच झाडे जोपासणाऱ्यांना वांगीच बरी.