डेकोटर्फ : लेंडलने घरामागे घातलेलं कोर्ट आपल्या क्लबला परवडेल का?

चेकोस्लोव्हाकियातल्या ऑस्ट्रावात जन्मलेला टेनिसपटू इव्हान लेंडल अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या ग्रीनविचला राहायला गेला, तेव्हा अमेरिकन ओपनच्या तयारीसाठी दरवर्षी एक काम नेमाने करायचा. ही स्पर्धा जिथे होते त्या न्यूयॉर्कच्या फ्लशिंग मेडोजची डेकोटर्फ कोर्टं घालणारी माणसंच तो घरी बोलवायचा आणि त्यांच्याकडून घरामागे हुबेहूब तसंच कोर्ट करून घ्यायचा. १९८२ ते १९८९ अशी सलग आठ वर्षं तो त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. पहिल्या तिन्ही फायनल हरला, मग १९८५, १९८६ आणि १९८७ ओळीने जिंकला. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून, तासन् तास फोरहँड मारणाऱ्या खेळाडूला चेंडू दर वेळी त्याच उंचीला आणि त्याच वेगाने यायला हवा असतो. मटेरियल बाजारात मिळत असतानाही लेंडलला माणसंसुद्धा तीच हवी होती, आणि डेकोटर्फबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

डेकोटर्फ म्हणजे डांबरी किंवा काँक्रीटच्या पायावर थरांनी चढवायचं अॅक्रिलिक. अमेरिकन ओपन १९७८ ते २०१९ याच्यावर खेळली गेली. अथेन्स आणि बीजिंग ऑलिंपिकचं टेनिसही. खाली रिसरफेसरचे, म्हणजे पायाचा पृष्ठभाग भरून एकसारखा करणाऱ्या मिश्रणाचे, एक-दोन हात, मग हवे असतील तर रबराचे दाणे मिसळलेले कुशनचे थर, त्यावर वाळू मिसळलेले रंगाचे हात आणि शेवटी रेषा. सगळी जाडी मिळून काही मिलिमीटर. त्यामुळे खालच्या पायाची चूक वरून झाकली जात नाही. पायाला तडा असेल तर तो रंगातून वर येणारच.

चेंडूचा वेग ठरतो तो वाळूवर. वाळू जास्त आणि भरड असेल तर चेंडू पकडला जातो, कोर्ट संथ होतं. वाळू कमी पडली किंवा मिश्रणात पाणी जास्त झालं, की चेंडू सरपटत जातो. डब्यात वाळू खाली बसते, म्हणून मिश्रण सतत ढवळत राहावं लागतं. ते झालं नाही तर कोर्टाची एक बाजू खरखरीत आणि दुसरी गुळगुळीत होते. पंधरा दिवस खेळलं की हा फरक पायाला कळतो. लेंडलने माणसं का बोलावली याचं उत्तर इथे आहे.

आपल्याकडे खरी अडचण पावसाची आणि उन्हाची. पूर्ण कोर्ट ३६.५७ बाय १८.२९ मीटरचं धरलं, तर एकाच दिशेला साधारण १ टक्का उतार हवा, म्हणजे आडव्या उतारात एका कडेपासून दुसरीपर्यंत जवळजवळ १८ सेंमी. नेटपासून दोन्ही बेसलाइनकडे उतार दिलेलं कोर्ट घेऊ नका. रंग मारण्याआधी पायावर पाणी सोडून पाहा. उन्हात तासाभराने जिथे दीड मिलिमीटरच्या वर पाणी उरेल, ती जागा खडूने आखून आधी भरून घ्या. ठेकेदार हे टाळायला बघतात, कारण खड्डे भरण्यात दोन दिवस जातात.

नवं डांबर किमान दोन आठवडे, काँक्रीट २८ दिवस तसंच ठेवावं लागतं. काँक्रीटखाली प्लास्टिकचा कागद नसेल तर जमिनीतली ओल वर चढते आणि रंगाला फोड येतात. कोकणात ही तक्रार जास्त संभवते. एप्रिल-मेच्या दुपारी रंग इतका पटकन सुकतो की स्क्वीजीच्या (रंग पसरवायच्या रबरी पट्टीच्या) दोन पट्ट्यांमध्ये कड राहते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. दव सुकल्यावर सुरू करून ऊन तापायच्या आत आटपावं.

कुशनच्या थरांवर पैसे घालायचे का? सकाळी साठीच्या पुढचे सभासद खेळत असतील तर जरूर घाला, गुडघ्यांना आराम मिळतो. फक्त गादीसारखं मऊ कोर्ट होईल अशी अपेक्षा नको. मुलांचे वर्ग चालणाऱ्या कोर्टाला कुशनशिवायची साधी पद्धत पुरते, आणि उरलेला पैसा पाया नीट करण्यात घातलेला बरा.

देखभाल फारशी नाही: पाण्याचा फवारा आणि मऊ झाडू. तारेचा ब्रश लावला की वाळू निघते. पावसाळ्यात सावलीच्या कोपऱ्यात शेवाळ धरतं, ते ब्लीचच्या पातळ पाण्याने जातं. सगळ्यात आधी झिजते ती बेसलाइनच्या मधल्या खुणेजवळची, सर्व्हिसची जागा. तिथे पाय घसरू लागले की नव्या रंगाची वेळ झाली असं समजावं. वापरानुसार हे ४ ते ८ वर्षांनी येतं.

काम ताब्यात घेताना रेषांकडे गुडघ्यावर बसून बघा. कडा धारदार असतील तर टेप लावल्यावर आधी प्रायमरचा, म्हणजे टेपची कड बंद करणारा, हात दिलेला आहे. रेषेचा पांढरा रंग कोर्टाच्या निळ्यात पसरलेला दिसला, तर ती घाई बाकीच्या कोर्टातही झालेली असू शकते. मग शेवटचा हप्ता पहिला पाऊस होऊन पाणी कुठे साचतं ते दिसेपर्यंत राखून ठेवा, आणि ही अट करारात आधीच लिहून घ्या.