आर्क्टिक एमएक्स-४: पेस्ट चांगलीच आहे, पण आकड्यावर जाऊ नका

प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा कूलर यांच्या मध्ये लावतात त्या थर्मल पेस्टच्या वेष्टनावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा बहुतेकदा सगळ्यात कमी कामाचा असतो. आर्क्टिक कंपनीच्या एमएक्स-४ चा तो ८.५ सांगितला जातो, थर्मल ग्रिझली कंपनीच्या क्रायोनॉटचा १२.५. पेस्टमधून उष्णता किती सहज वाहते त्याचं हे माप, एकक दोन्हींचं तेच, वॅट प्रति मीटर-केल्विन. आकडे पाहून वाटतं, क्रायोनॉट लावली की तापमान धाडकन खाली येईल. कागदावर हिशेब मांडला की चित्र वेगळं दिसतं.

समजा १०० वॅट उष्णता १० चौरस सेंटिमीटर जागेतून वर जातेय आणि पेस्टचा थर ०.०५ मिलिमीटर आहे. ८.५ च्या पेस्टमुळे वाढणारं तापमान साधारण ०.६ अंश, १२.५ च्या पेस्टमुळे ०.४ अंश. तीच ८.५ ची पेस्ट ०.२ मिलिमीटर जाड राहिली तर २.४ अंश. आणि त्या ०.०५ मिलिमीटरमध्ये पेस्टऐवजी निव्वळ हवा असेल तर १९० अंशांच्या आसपास! प्रत्यक्षात उष्णता चिपच्या छोट्या भागातून येते, त्यामुळे फरक याहून मोठे दिसतात, पण प्रमाण साधारण असंच राहतं. मतलब एवढाच की पेस्टचं खरं काम हवा हाकलणं आणि स्वतः शक्य तितकं पातळ पसरणं.

एमएक्स-४ इथेच भाव खाऊन जाते. ती मऊ आहे. कूलरचा दाब पडला की आपसूक पसरते, हाताने सारवत बसावं लागत नाही. २०१० पासून बाजारात आहे. २०२२ मध्ये आलेली एमएक्स-६ घट्ट आहे आणि थोडी सरसही, पण थंड खोलीत ती सिरिंजमधून काढताना अंगठ्याला व्यायाम होतो. एमएक्स-४ वीज वाहून नेत नाही, त्यामुळे बाहेर ओघळली तरी शॉर्ट सर्किटची भीती नाही. ४ ग्रॅमची सिरिंज म्हणजे सुमारे १.६ मिलिलिटर. एका डेस्कटॉप प्रोसेसरला ०.२ मिलिलिटर पुरतं, म्हणजे सात-आठ वेळची बेगमी. सगळ्यात छोटी सिरिंज घेतली तरी भागतं.

लावण्याआधी जुनी पेस्ट काढायची. एएम४ सॉकेटमध्ये (बोर्डावरच्या खोबणीत) बसणाऱ्या एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर एक खबरदारी हवीच: यंत्र पाच-दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा, मग बंद करा, वायर काढा आणि कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलके पिळत सोडवा. वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते आणि या सॉकेटला वरून पकडणारी चौकट नसते. लिव्हर लागलेला असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येतो, मग वाकलेल्या पिना सरळ करत बसा. पुसायला ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड किंवा कॉफी फिल्टर घ्या. कूलरचा तळही पुसायचा, तो हमखास विसरला जातो.

प्रोसेसरच्या चिपवर धातूचं झाकण असतं. ते चौकोनी असेल तर मधोमध ४-५ मिलिमीटरचा एक ठिपका पुरे. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटच्या प्रोसेसरचं झाकण लांबट असतं, तिथे मधला ठिपका आणि चार कोपऱ्यांकडे २-२ मिलिमीटरचे छोटे ठिपके द्या. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या प्रोसेसरच्या झाकणाला कडेने खाचा आहेत आणि त्यात बारीक कपॅसिटर बसलेत. जास्तीची पेस्ट नेमकी तिथे जाऊन बसते. बिघडत काही नाही, साफ करताना मात्र जीव मेटाकुटीला येतो.

कूलर एकदा टेकवला की परत उचलून ‘पसरली का’ ते बघू नका. पसरलेल्या थरावर पुन्हा ठेवलं की मध्ये हवेचे बुडबुडे अडकतात. उचललाच असेल तर पुसून नव्याने लावा. स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने, दोन-दोन फेरे. एक बाजू आधी पूर्ण आवळली की पेस्ट दुसऱ्या बाजूला सरकते आणि थर पाचरीसारखा होतो.

काम नीट झालं का, ते एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) दहा मिनिटं चालवलं की कळतं. तापमानाच्या शेवटच्या आकड्याइतकाच त्याचा चढ पाहा. लोड पडताच एक-दोन सेकंदांत ९५ च्या पुढे उडी मारली तर दोष बहुधा टेकण्यात आहे: कूलरच्या तळावरचं पारदर्शक प्लॅस्टिक तसंच राहिलंय (हसू नका, फार होतं हे), एखादा स्क्रू सैल आहे किंवा ब्रॅकेट चुकीचा आहे. वॉटर कूलर असेल तर पंपाची वायरही तपासा. तापमान हळूहळू, काही मिनिटांत चढत गेलं तर पेस्टला दोष देऊ नका. धूळ, पंख्याची उलटी दिशा किंवा कोंदट कॅबिनेट बघा. आधीच्या आणि नंतरच्या मोजणीतून खोलीचं तापमान वजा केल्याशिवाय तुलना करू नका. खोली पाच अंशांनी थंड झाली की पेस्ट आपोआप ‘भारी’ वाटायला लागते.

रायझन ७६००एक्स, ७७००एक्स, ७९५०एक्स वगैरेंचं गणित वेगळं. ते ९५ अंशांपर्यंत जायलाच बनवलेत. थंडावा वाढला की घड्याळगती वाढवून पुन्हा तिथेच पोचू पाहतात. आकडा खाली हवा असेल तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) इको मोड, म्हणजे कमी वीज वापरायची सोय, लावा. पेस्ट बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त उतार मिळतो आणि रोजच्या कामात वेग घटल्याचं सहसा जाणवतही नाही.

एमएक्स-४ कुठे घेऊ नये? तापणाऱ्या गेमिंग लॅपटॉपवर आणि ग्राफिक्स कार्डवर. तिथे चिप उघडी असते, झाकण नसतं. तापणं-निवणं चालू राहिलं की दोन पृष्ठभाग सूक्ष्म हलतात आणि मऊ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. डेस्कटॉपवर वर्षानुवर्षं टिकणारी हीच पेस्ट अशा ठिकाणी काही महिन्यांतच उतरायला लागू शकते. त्या कामाला हनीवेलची पीटीएम७९५० बरी. ती पातळ पट्टी असते, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरते, जागा सोडत नाही. लिक्विड मेटलच्या (पेस्टऐवजी लावायच्या द्रवरूप धातूच्या) मोहात मात्र पडू नका. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, शिवाय लिक्विड मेटल वीज वाहून नेतं. एक थेंब घसरला तरी बोर्ड जाऊ शकतो.

नकली एमएक्स-४ फिरते, हीही एक कटकट. आर्क्टिकच्या संकेतस्थळावर माल अस्सल आहे का ते तपासायची सोय आहे, सिरिंज फोडण्याआधी वापरा. उरलेली पेस्ट टोक पुसून, टोपण घट्ट लावून, उन्हापासून दूर ठेवा. बऱ्याच महिन्यांनी काढलीत तर पहिला थेंब कागदावर टाकून द्या. टोकाशी तेल सुटलेलं असतं, आणि तेच प्रोसेसरच्या मधोमध पडायला नको.