कॅनन सेल्फी सीपी१५०० : सहल संपायच्या आत हातात फोटो

"कोपऱ्यावर लॅब आहे की, मग हे खूळ कशाला?" हा छोटा फोटो-प्रिंटर घरात आला तेव्हा पहिला प्रश्न हाच झाला. प्रश्न रास्त आहे. लॅबमधला चार बाय सहाचा फोटो यापेक्षा स्वस्त पडतो, वाद नाही. पण सहलीहून आल्यावर लॅबमध्ये जातं कोण? आमच्या भिशीची सहल परतली की ग्रुपवर दोन दिवस फोटो येत राहतात, पहिल्या दहा-बारांना अंगठे मिळतात आणि बाकीचे कुणी उघडूनही बघत नाही. मला फोटो ज्याचा त्याच्या हातात द्यायचा होता, तोही गावी परतायच्या आत. म्हणून हंपी बघायला मिरजेहून हरिप्रिया एक्स्प्रेसने होस्पेटला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत डब्यांच्या शेजारी हा बसला होता. वजन किलोच्या आत आहे, त्यामुळे खांद्याला काही कळत नाही. त्याचा वायर-अडॅप्टरचा पसारा मात्र धरायला हवा.

आता तो चालतो कसा, ते सांगते, कारण निम्मी गंमत तिथेच आहे. यात बाटलीतली शाई नसते. रंगीत पट्टीची एक कॅसेट असते. पट्टीवरचा रंग उष्णतेने वायू होऊन कागदात मुरतो. कागद एकदाच छापून बाहेर येत नाही, तो चार वेळा आतबाहेर करतो. पहिल्या फेरीत सगळ्याजणी कावीळ झाल्यासारख्या पिवळ्या दिसतात. दुसऱ्या फेरीत किरमिजी रंग चढतो आणि साड्या ओळखू यायला लागतात, तिसऱ्या फेरीत निळा येऊन आभाळ भरतं. चौथी फेरी रंगाची नाही, वरून पारदर्शक थर बसवायची. पोस्टकार्डाएवढ्या एका फोटोला साधारण ४१ सेकंद लागतात. लॉजच्या खोलीत आमच्या सातही जणी पलंगावर मांड्या घालून या फेऱ्या बघत बसल्या होत्या. टीव्ही कुणी लावलाच नाही.

त्या चौथ्या थरामुळे प्रिंटवर पाणी पडलं तर पुसून घेता येतं. जेवणाच्या टेबलावर फोटो हातोहात फिरवणाऱ्यांसाठी हे फार मोलाचं आहे. मागच्या बाजूला नाव-तारीख लिहायची तर बॉलपेन वापरा. पुढच्या चकचकीत बाजूला पेन लावू नका.

रंगांबद्दल मी समाधानी आहे. हंपीचे ते मोठमोठे धोंडे सकाळच्या उन्हात तांबूस-सोनेरी दिसतात, मातंग टेकडीवरून काढलेल्या फोटोंत तो रंग नीट उतरला. आभाळात ठिपके दिसत नाहीत, एका छटेतून दुसरीत रंग सहज मिसळतो. अंधाऱ्या जागी मात्र हा कमी पडतो. विरूपाक्ष मंदिरात एका भिंतीवर, छोट्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडाने, गोपुराची उलटी सावली पडते. कॅमेरा नावाची वस्तू निघायच्या कितीतरी आधी दगडी खोलीने काढलेला फोटोच म्हणायचा. तो टिपायचा सगळ्यांनाच सोस. मोबाइलच्या झगझगीत पडद्यावर ती सावली छान दिसते, पण कागदावर भोवतीचा भाग काळाशार होतो. असे फोटो छापण्याआधी मोबाइलमध्येच थोडे उजळून घ्या.

घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावी अशी बाब म्हणजे काटछाट. मोबाइलचा फोटो बहुधा चारास तीन या मापाचा असतो. इथला कागद १०० बाय १४८ मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास तीनास दोन. कडेपर्यंत छापायचं म्हटलं की लांब बाजूंवरून पट्टी जाणारच. आडव्या ग्रुप फोटोत वरून डोकी जातात किंवा खालून पाय. विठ्ठल मंदिरातल्या दगडी रथासमोर पन्नासची नोट धरून फोटो काढायची तिथे पद्धतच पडली आहे (नोटेच्या पाठीवर तोच रथ आहे ना). त्यात नोट, रथ आणि नोट धरणारी वहिनी, तिघांनाही कागदावर जागा हवी असेल तर काढतानाच दोन पावलं मागे सरका. नाहीतर पांढरी कड ठेवून छापा, मला तर तीच जास्त आवडते.

मेगापिक्सेलचा बाऊ करू नका. हा ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने छापतो, त्यामुळे त्या कागदाला सुमारे दोन मेगापिक्सेल पुरतात. तुमच्या मोबाइलवर पन्नास लिहिलेले असोत की बारा, इथे फरक दिसणार नाही. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटोही छापून बरा निघतो, पण आभाळात आणि केसांत तो चोळामोळा झालेला जाणवतो. मैत्रिणीकडून मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. छापायचं वाय-फायवरून, कॅननच्या अॅपमधून. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड थेट प्रिंटरमध्येही घालता येतं, मात्र त्यावरचे जेपेग प्रकारचेच फोटो तो वाचतो. अॅपमध्ये फुलं, चौकटी, बदाम वगैरे चिकटवायची सोय आहे. त्यात मी शिरले नाही.

खर्च कागदाचाच आहे. आरपी-१०८ या पाकिटात १०८ कागद आणि ५४-५४ फोटोंच्या दोन कॅसेट येतात. फोटो फिका असो की गडद, पट्टीचा एक तुकडा पूर्ण खर्ची पडतो, वाचवायची सोय नाही. यामुळे आमच्याकडे एक चांगलं झालं. रोज रात्री प्रत्येकीला दोनच फोटो छापून मिळतील असं मी जाहीर केलं आणि "हा नको, यात माझे डोळे मिटलेत", "तो घ्या, त्यात तुंगभद्रा दिसतेय" अशी घासाघीस सुरू झाली. ग्रुपवर शेकड्यांनी टाकलेल्या फोटोंवर एवढी चर्चा कधी झाली नव्हती. गोल नाव वल्हवणाऱ्या दादांचा एक फोटो दुसऱ्या दिवशी घाटावर त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो आधी उलटा करून बघितला, मग सुलटा, आणि मग शेजारच्या नावाड्याला हाक मारली. त्या शेजाऱ्यालाही अर्थातच हवा होता.

आता तक्रारी. बॅटरी सोबत मिळत नाही, वेगळी घ्यावी लागते. नाहीतर प्लग शोधा. ट्रेमध्ये एका वेळी अठराच कागद मावतात. छापताना कागद मागून बाहेर डोकावतो, म्हणून भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे वीतभर जागा सोडा. प्रत्येक फोटोच्या दोन्ही टोकांना तोडायच्या पट्ट्या असतात. त्या तोडल्यावर कड बोटाला किंचित खरखरीत लागते. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते : कॅसेटमधल्या वापरलेल्या रंगीत पट्टीवर तुमच्या प्रत्येक फोटोची उलट्या रंगांतली छबी उमटलेली राहते. लॉजच्या कचऱ्याच्या डब्यात ती तशीच टाकू नका. मी कात्रीने तुकडे करून टाकते.

घरी बसून लग्नाचे अल्बम छापायचे असतील तर हा घेऊ नका, लॅबमध्येच जा. वर्षातून एकदोन सहली, बारसं, डोहाळेजेवण, पाहुण्यांना जाता जाता हातात फोटो, एवढ्यासाठी असेल तर जरूर घ्या. आमच्या जाऊबाई पाकिटात मावेल म्हणून छोट्या कार्डाच्या मापाचा कागद मागवायला निघाल्या होत्या. त्याला ट्रे वेगळा विकत घ्यावा लागतो, तो डब्यात येत नाही. पोस्टकार्डाचाच कागद मागवा.