इंग्रजी प्रोजेक्ट रिपोर्टसाठी मोबाईलवरचं गायडन्स, घ्यावं का?

नांदेडला फायनल इयरला हाव, मराठी मिडीयम, लॅपटॉप नाही त्यामुळं सगळा रिपोर्ट मोबाईलवरच लिहायलो. म्हणून एका मॅडमचं ऑनलाईन गायडन्स घेतलं. त्यांचं सोपंय, आपण गूगल डॉक्सची लिंक द्यायची, मॅडम त्यातच कमेंट टाकतात आन् बाकी बोलणं व्हॉट्सॲपवर. मला लई आवडलं ते म्हणजे मॅडम आयतं लिहून देत नाहीत, विचारत बसतात. सोयाबीनच्या भावावर प्रोजेक्ट हाय, मेथडॉलॉजीत 'डेटा वॉज कलेक्टेड' एवढंच होतं तर लगेच कमेंट, "कुठून? लातूर मार्केटचा का? किती महिन्यांचा?" आता त्याच एका ओळीचा पॅरेग्राफ झालाय, इंग्रजी साधंच पण वाचणाऱ्याला कळतं.

रेफरन्ससाठी गूगल स्कॉलरचं 'Cite' बटण दाखवलं, एपीए, एमएलए अशा पद्धतीत रेफरन्स सगळा रेडी मिळतो (नावं, वर्ष तरी चेक करा), आन् जुने पीएचडी प्रबंध शोधगंगा वेबसाईटवर फुकट वाचायला मिळतात हे तर आमच्या कॉलेजात कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्स ऑफलाईन करून ठेवलं की गावाकडं रेंज नसली तरी लिहिता येतंय.

डोकं फिरतं ते व्हॉइस नोटनं, लांबच लांब, पुन्हा शोधायला गेलं तर सापडत नाही. सबमिशन जवळ आलं की रिप्लाय पण दोन दोन दिवस नाही. 'प्लॅगॅरिझम झिरो करून देतो' वालं पॅकेज घेऊच नका, यूजीसीच्या 2018 च्या नियमात पीएचडी प्रबंधाला सुद्धा 10 टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही, कशाला पैसे घालवायचे. गायडन्सचा साधा प्लॅन घ्या, तोही सबमिशनच्या दोनेक महिने आधी.