विमानाच्या नाकातला हवामान रडार: वाटीचा अँटेना की सपाट पत्र्याचा?

प्रवासी विमानातला हवामान रडार साधारण 9.3 गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे तरंगलांबी जेमतेम 3.2 सेंटीमीटर. नाकात जागा ठरलेली, त्यामुळे अँटेनाचा व्यास मनासारखा वाढवता येत नाही. आहे त्या व्यासाचा उपयोग कोण नीट करतो, हाच खरा प्रश्न.

जुन्या विमानांत पॅराबोलिक डिश असे. समोरचा फीड वाटीवर लहरी सोडतो आणि वाटी त्या एका दिशेला वळवते. बनवायला सोपी, स्वस्त. पण फीड स्वतःच झोताच्या वाटेत उभा असतो आणि काही ऊर्जा कडेवरून सांडते.

ही सांडलवंड मला फार गंभीर वाटते. बाजूला फुटलेला झोत खाली जमिनीवर आपटून परत येतो आणि पडद्यावर पावसासारखा दिसू शकतो. वैमानिकाने वादळ टाळायचे की जमिनीचा प्रतिध्वनी?

सपाट अँटेनात वेव्हगाइडला, म्हणजे लहरी वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीला, कापलेल्या बारीक खाचा एकाच वेळी लहरी सोडतात. कोणत्या खाचेला किती ऊर्जा द्यायची हे आधीच ठरवता येते, म्हणून बाजूचे झोत बरेच दबतात. पुढून मागे जागाही कमी लागते. याची वारंवारतेची पट्टी अरुंद असते खरी, पण हा रडार जवळजवळ एकाच वारंवारतेवर चालत असल्याने ते खपून जाते.

व्यासाला मात्र पर्याय नाही. 76 सेंटीमीटरच्या पत्र्याचा झोत सुमारे 3 अंशांचा, 30 सेंटीमीटरचा साडेसात. 100 किलोमीटरवर पहिला पाच किलोमीटर रुंद होतो, दुसरा तेरा. लहान विमानासाठीही मी सपाटच निवडेन. तिथे तर प्रत्येक सेंटीमीटर मोलाचा.