चिलर एआयच्या हातात दिला त्याला 14 महिने झाले, आमचा अनुभव

पुण्यात बाणेरला आमची 9 मजली कमर्शियल बिल्डिंग आहे, तिथलं फॅसिलिटीचं काम माझ्याकडे. बेसमेंटला 300 टन कूलिंग क्षमतेचे दोन वॉटर कूल्ड चिलर (एसीसाठी पाणी गार करणारी मशीन), टेरेसवर कूलिंग टॉवर (चिलरची उष्णता बाहेर टाकणारा), प्रत्येक मजल्यावर दोन एएचयू (त्या गार पाण्यावर हवा गार करून आत सोडणारी मशीन) आणि बरंच जुनं बीएमएस, म्हणजे हे सगळं वेळेप्रमाणे चालू-बंद करणारी कंट्रोल सिस्टिम. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मालकांनी एसी प्लांट चालवणारी एआय सर्व्हिस घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, करार अजून चालू आहे, पण जे लिहितोय ते अशी कुठलीही सर्व्हिस घेणाऱ्याच्या कामाला येईल.

सेल्सवाले आले तेव्हा पहिल्याच स्लाइडवर गूगल डीपमाइंडचा आकडा होता, 2016 साली त्यांनी डेटा सेंटरच्या कूलिंगची वीज 40 टक्क्यांपर्यंत कमी केली तो. आकडा खरा आहे, पण डेटा सेंटरला 24 तास जवळपास सारखा लोड असतो, आमच्याकडे सकाळी 9 ला लिफ्टसमोर रांग आणि रात्री 8 ला शुकशुकाट. मला त्याच गोष्टीतलं दुसरं जास्त पटलं होतं, की सुरुवातीला एआय फक्त सुचवायचं आणि तिथले ऑपरेटर तपासून बदल करायचे, थेट कंट्रोल 2018 ला दिला, तोही सुरक्षेच्या मर्यादा घालून आणि ऑपरेटरला कधीही परत ताबा घेता येईल असा. मी म्हणलं आम्हाला पण असंच पाहिजे, पहिले तीन महिने नुसती सूचना, बटण आमच्याच माणसाने दाबायचं. कंपनीला घाई होती पण मालक माझ्या बाजूने उभे राहिले म्हणून जमलं.

आता खरी गोष्ट सांगतो. आमच्या प्लांटवर एक काका आहेत, 20 वर्षं चिलर चालवतायत, नुसत्या आवाजावरून सांगतात की कंडेन्सर (चिलरमधला उष्णता बाहेर टाकणारा भाग) घाण झालाय. दर तासाला लॉगबुकात पेनाने रीडिंग लिहितात. मे महिन्यात, तेव्हा दोन मजले रिकामे होते, दुपारी एकच चिलर जवळजवळ फुल लोडवर चालायचा आणि स्क्रीनवर सूचना आली, दुसरा पण चालू करा. काका म्हणाले, "साहेब, वीज वाचवायला आणलंय ना हे? मग दोन मशीन कशाला लावायला सांगतंय?" प्रश्न बरोबरच होता. पण सूचनेखाली कारण दिलेलं होतं, दोन्ही मशीनला व्हीएफडी (मोटरचा वेग लोडप्रमाणे कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) आहे, अर्ध्या-पाऊण लोडवर कॉम्प्रेसरला टनामागे वीज कमी लागते, शिवाय हवा कोरडी असल्यामुळे टॉवरचं पाणी चांगलं गार येतंय, जादा पंपाची वीज धरून सुद्धा फायदा आहे. काका म्हणाले करून बघू. एक दिवस एका मशीनवर, दुसरा दिवस दोन मशीनवर, ऊन साधारण सारखंच, मीटरचं रीडिंग स्वतः पेनाने लिहिलं आणि संध्याकाळी वजाबाकी करून लॉगबुक माझ्या टेबलावर ठेवलं. "बरोबर सांगतंय," एवढंच बोलले. मला विचाराल तर आमच्या बिल्डिंगमध्ये एआयवर विश्वास बसायला त्या संध्याकाळी सुरुवात झाली, आणि ती सुद्धा सूचनेचं कारण साध्या माणसाला समजेल इतकं सरळ लिहिलेलं होतं म्हणून.

मग जुलैत ऑटो मोड सुरू केला, म्हणजे बदल एआय स्वतःच करणार, आणि तिथे एआय चुकलं. बाहेर थंड, लोड कमी, म्हणून त्याने चिल्ड वॉटरचा सेटपॉइंट (चिलरमधून निघणारं गार पाणी किती डिग्रीला ठेवायचं तो आकडा) 7 वरून 10 डिग्रीवर नेला. एक डिग्री वाढवली की चिलरची साधारण 2-3 टक्के वीज वाचते, हिशोबाने ठीक. पण पुण्याचा पावसाळा, पाणी कमी गार ठेवलं की एएचयूच्या कॉइलवर हवेतला ओलावा पुरेसा निघत नाही. टेम्परेचर 24 च दिसत होतं आणि चौथ्या मजल्यावरून फोनवर फोन, कोंदट वाटतंय, मीटिंग रूमच्या कार्पेटला वास येतोय, प्रिंटरमध्ये कागद अडकतोय. काकांनी ओव्हरराइड दाबला, सेटपॉइंट परत 7 वर आणला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं "दमट". कंपनीने पहिल्यांदा सांगितलं की कम्फर्ट रेंजमध्येच आहे, तेव्हा मी वैतागलो, कारण त्यांच्या कम्फर्टमध्ये आर्द्रता मोजलीच नव्हती, रिटर्न एअरला (मजल्यावरून एएचयूकडे परत येणारी हवा) आर्द्रतेचे सेन्सर चारच मजल्यांवर होते. शेवटी त्यांचा इंजिनिअर आला, काकांसोबत दोन तास प्लांट रूममध्ये बसला, बाकी मजल्यांवर सेन्सर लावले आणि आर्द्रता 60 टक्क्यांवर गेली की सेटपॉइंट वाढवायचा नाही अशी मर्यादा घातली. यंदा पाऊस सुरू झाल्यापासून तशी एकही तक्रार नाही.

बचतीचं विचाराल तर सेल्सवाल्याने सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास आलीय आणि तरी मी खूश आहे, कारण हा आकडा आम्ही मोजलाय. गेल्या मे चं बिल आणि या मे चं बिल शेजारी ठेवून बचत दाखवतात ते मानू नका, ऊन वेगळं, माणसं वेगळी, आमचे तर दोन रिकामे मजले मधल्या काळात भरले. फेब्रुवारी ते एप्रिल आम्ही एक आठवडा एआय चालू, एक आठवडा बंद असं केलं, फक्त प्लांटच्या सबमीटरवर. कंपनीने कुरकुर न करता मान्य केलं, याचे त्यांना पूर्ण मार्क.

अजून दोन-तीन गोष्टी. माणसं मोजायला कॅमेरे लावायचा त्यांचा प्रस्ताव होता, भाडेकरूंनी स्पष्ट नाही म्हणलं आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर मलाही ती जोखीम नको होती, त्यामुळे सीओटू सेन्सरवर भागवलं (माणसं वाढली की हवेतला सीओटू वाढतो) आणि फ्रेश एअरसाठी ते पुरतं. नेट गेलं तर काय, हे तोंडी ऐकून घेऊ नका, आम्ही भर दुपारी केबल काढून बघितली, थोड्या वेळात प्लांट आपोआप जुन्या बीएमएस शेड्यूलवर गेला. फायर अलार्मला एआयचा हात लागू दिलेला नाही, आग लागली की एएचयू ट्रिप होणं, म्हणजे बंद पडणं, हे वायरनेच होतं आणि तसंच राहणार.

5 पैकी 4 देईन. एक कापला तो अलर्टसाठी. नाईट शिफ्टच्या पोरांना रात्री 2 ला इंग्रजीत चार ओळींचा मेसेज येतो, ते मला फोन करून वाचून दाखवतात. मराठीत द्या म्हणून तीनदा मेल केलाय, पुढच्या अपडेटमध्ये देतो म्हणालेत. मिळालं की इथेच लिहीन.